चाकांवरील घराचा गंजलेला फिल्टर

आमचा व्यवसाय मोटारीच्या सुट्या भागांचा. बेळगावच्या दुकानात बसून आजवर किती हजार फिल्टर विकले, त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. परंतु फिल्टर विकणे निराळे आणि गंजून बसलेला फिल्टर स्वहस्ते काढणे निराळे, हे आम्हांस वयाची साठी उलटल्यावर आणि तेही अमेरिकेतील ओहायो राज्यात कन्येच्या घरी गेलो असता समजले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी ‘व्यवहारोपयोगी काही लिहा’ अशी आज्ञा केली, तेव्हा भावांच्या चढउताराविषयी लिहिण्याऐवजी हाच अनुभव सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा असे ठरविले. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, आणि जुनी वाहने तर आपल्या प्रत्येकाच्या दारात आहेत.

आमच्या जावईबापूंनी तेथे एक जुने मोटारघर घेतले आहे. मोटारघर म्हणजे चाकांवरील घरच. पुढे चालकाची जागा, मध्ये ओटा, शेगडी, शीतकपाट व जेवणाचे मेज, मागे निजण्याची खोली आणि न्हाणीघर. अमेरिकेत आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीने १९६६ साली अशी घरे मोठ्या प्रमाणावर बांधावयास आरंभ केला आणि पुढे त्या कंपनीचे नावच तिकडे या वाहनास सामान्यनामासारखे चिकटले. जावईबापूंचे वाहन १९९० सालचे. परमुलखात प्रवास करताना सूर्यास्तापूर्वी घरच्या ओट्यावरचे भोजन मिळते, या एका सोयीसाठी कन्येने ते घ्यावयास लावले. गॅलनमागे सातआठ मैलांवर ते जात नाही, ही गोष्ट तिने त्या वेळी विचारली नाही व जावईबापूंनीही सांगितली नाही.

या वाहनाची घडण आपल्या लोकांस परिचित वाटेल. आपल्याकडे ट्रक वा बसची चासी एक कारखाना करतो आणि वरची बॉडी दुसराच कोणी बांधतो, तेथेही तसेच. या घराखाली जनरल मोटर्सची पी-३० नावाची चासी आहे आणि तिच्यावर ४५४ घनइंचांचे, म्हणजे ७.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. त्याचा परिणाम असा की, घर बांधणाऱ्याच्या पुस्तकात नळ व दिवे सापडतात, चासी करणाऱ्याच्या पुस्तकात इंजिन सापडते, आणि इंधनाचा फिल्टर नेमका कोठे आहे हे पाठीवर निजून स्वतःच शोधावे लागते.

दोष उघड झाला तो पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ रस्त्यावर. सपाटीला वाहन सुरेख धावे. चढ लागला की दोनतीन मिनिटांनी इंजिन गुदमरल्यासारखे होई, आचके देई, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा शहाण्यासारखे चालू लागे. आत मागे दोन नातवंडे निजलेली, पाठीमागे मालमोटारींची रांग, आणि उजवीकडे उभे राहावयास जेमतेम जागा. त्या चढावर एकदा इंजिन पूर्ण बंद पडले तेव्हा सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. ज्यांनी दुकानात वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकली आहेत, त्यांस या लक्षणावरून निदान करणे अवघड नाही. सपाटीला इंजिनास थोडे इंधन लागते, तेवढे तुंबलेल्या फिल्टरमधून झिरपत येते; चढावर मागणी वाढली की पुरवठा अपुरा पडतो. प्रज्वलनाचा दोष सहसा अशी चढउताराची निवड करीत नाही. पंपही अशक्त असू शकतो, पण तो टाकीच्या आत बसविलेला, आणि त्यास हात लावण्यासाठी टाकी खाली उतरवावी लागते. म्हणून आधी फिल्टर पाहावा, हाच शहाणपणाचा क्रम.

परत आल्यावर जावईबापूंनी दोन गॅरेजांत चौकशी केली. एकाची शेड या घरास पुरेशी उंच नव्हती. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थाने खाली वाकून एकवार पाहिले आणि “नळ्या तुटल्या तर जबाबदारी आमची नाही” असे म्हणून हात झटकले. त्या वेळी आम्हांस त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः चटईवर निजून खाली सरकलो, तेव्हा राग गेला.

फिल्टर म्हणजे चासीच्या तुळईला पट्टीने आवळलेला, मुठीएवढा लोखंडी डबा. त्याच्या एका तोंडातून टाकीकडून पेट्रोल येते, दुसऱ्या तोंडातून इंजिनाकडे जाते. इंजिनाकडील तोंडाशी पोलादी नळी व तिच्यावरील नट. डबा, नट, नळी, पट्टी ही चारही मिळून तपकिरी रंगाचे एकच ढेकूळ झाले होते. त्या प्रांतात हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. त्या मिठाचे पाणी चाकांनी उडून तळाशी बसते, ओल धरून ठेवते, आणि पोलादावरील संरक्षक लेपाची चीर सापडली की आत शिरते. आमच्या गोव्यातील सभासदांस हे सांगावयास नको. समुद्रकाठची खारी हवा तेच काम संथपणे करीत असते. आता यातील मुख्य गोष्ट ध्यानी घ्यावी. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांमधील केसाएवढी फट गंजाने भरली की नट जणू पाचर ठोकल्यासारखा बसतो. तो ‘घट्ट आवळलेला’ नसतो, ‘ठासलेला’ असतो. आणि ठासलेल्या वस्तूस केवळ जोर लावला तर जी वस्तू सर्वांत दुर्बळ असेल ती आधी तुटते. येथे सर्वांत दुर्बळ होती ती नळी.

हाच साऱ्या कामाचा हिशेब आहे. फिल्टर फेकावयाचाच आहे. त्याची किंमत दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढी. पट्टी व तिचा बोल्टही फेकण्याजोगे. परंतु इंजिनाकडे जाणारी नळी एकसंध, वळणावळणाने तुळईमागून गेलेली. ती पिळवटली तर अर्धे वाहन उकलावे लागेल. तेव्हा प्रत्येक पावलास स्वतःस विचारावे, की आपला जोर फेकावयाच्या वस्तूवर पडत आहे की राखावयाच्या? आम्ही हे आधी विचारले नाही. त्याचे प्रायश्चित्त पुढे येईलच.

पाना हाती घेण्यापूर्वी अग्नीचा विचार करावा लागतो, आणि मोटारघरात तो साध्या मोटारीपेक्षा चौपट करावा लागतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती वर उडून जात नाही, जमिनीसरशी पसरते आणि खळग्यात साचून राहते. म्हणून काम बंद शेडमध्ये न करता उघड्या अंगणात, वाहन पूर्ण थंड झाल्यावर करावे. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. वाहन समतल करण्यासाठी या घरांना जे द्रवदाबाचे पाय असतात त्यांच्या भरवशावर त्याखाली मुळीच शिरू नये, ते खचतात. जवळ कोरड्या भुकटीचा अग्निशामक ठेवावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकणे म्हणजे आग पसरविणे.

मग दाब काढावा. या इंजिनास टाकीतील विजेचा पंप दाबाने पेट्रोल पुरवितो, आणि इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब उरू शकतो. प्रथम टाकीचे झाकण उघडून आतील वाफ जाऊ द्यावी. नंतर पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. नळीतील उरलेसुरले पेट्रोल पिऊन ते आपोआप बंद पडते. पुन्हा चारदोन सेकंद चावी फिरवून पाहावी. टाकी जितकी रिकामी तितके बरे. भरलेल्या टाकीतील पेट्रोल उताराने वाहत येऊन अंगावर पडते.

एवढे सर्व आम्ही केले. अंगणातील विजेची तारही घरापासून काढली, कारण ठिणगीचे भय नको. समाधानाने खाली शिरलो, नटावर गंज सोडविणारे तेल मारू लागलो, आणि डोक्यावर भिंतीच्या जाळीतून ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला. आम्हांस अर्थ कळेना. जावईबापू मात्र “मामा, बाहेर या!” असे ओरडून धावत गेले आणि त्यांनी स्वयंपाकाच्या गॅसची तोटी बंद केली. झाले होते असे: या घरातील शीतकपाट विजेवर चालते आणि गॅसवरही चालते. त्याची कळ ‘स्वयंचलित’ या खुणेवर असेल तर बाहेरची वीज गेल्याबरोबर ते स्वतःच ठिणगी पाडून गॅसची ज्योत पेटविते. आम्ही ठिणगी टाळण्यासाठी वीज तोडली, आणि त्या तोडण्यानेच ज्योत पेटावयाची वेळ आली. नट तोवर सैल झालेला नव्हता, पेट्रोलचा थेंब सांडला नव्हता, म्हणून हा मजकूर लिहिण्यास आम्ही शिल्लक आहोत.

तेव्हा क्रम असा असावा. सर्वांत आधी गॅसच्या टाकीची तोटी बंद. शीतकपाट, पाणी तापविण्याचा बंब, खोली उबदार ठेवणारी भट्टी, सर्व बंद. त्यानंतर बाहेरची वीज तोडावी. वीज निर्माण करणारे जनित्र बंद आहे हे पाहावे. ते सहसा त्याच टाकीतील पेट्रोल घेते. पंपाचा फ्यूज काढून दाब घालविल्यावर अखेरीस बॅटरीचे ऋण टोक काढावे, आणि मोटारघरात बॅटऱ्यांचे संच दोन असतात हे विसरू नये: एक इंजिनाचा, एक घराचा. दोन्ही काढावेत. घरातील मंडळींस दूर झाडाखाली बसवावे. आमच्या कन्येने त्या दिवशी मुलांस घेऊन शेजाऱ्यांचे घर गाठले ते संध्याकाळपर्यंत परतली नाही, आणि तिने ते योग्यच केले.

आता नटाकडे वळू. गंजलेला नट सोडविण्याचे आपल्या मिस्त्रींचे रामबाण औषध म्हणजे ज्योत. लाल करावा, थंड होऊ द्यावा, फिरवावा. येथे ज्योत, ग्राइंडर, विजेचे ड्रिल ही तिन्ही वर्ज्य. राहिले ते तेल आणि धीर. तारेच्या ब्रशाने नटामागील उघडी नळी व आट्यांचे तोंड घासून स्वच्छ करावे. तेल गंजाच्या पापुद्र्यावर मारून उपयोग नाही, ते फटीत गेले पाहिजे. आदल्या सायंकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी एकदा तेल द्यावे आणि मधूनमधून पान्याच्या मुठीने हलके ठोकावे, म्हणजे कंपाने ते आत उतरते. आम्ही तेल देऊन अर्ध्या तासात पाना लावला. ही पहिली चूक.

दुसरी चूक पान्याची. हाताशी साधा उघड्या तोंडाचा १६ मिलिमीटरचा पाना होता, तोच लावला. अमेरिकी वाहनांत त्या काळी इंचांची व मिलिमीटरांची मापे सरमिसळ झालेली. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, सोळाचा पाना त्यावर बसतो खरा, पण केसभर सैल बसतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होण्यास केसभर फट पुरते. उघडा पाना नटास दोनच बाजूंनी धरतो. अशा कामासाठी नळीच्या नटाचा खास पाना मिळतो: रिंग पान्यासारखा, पण नळी आत जाण्यापुरती एक खाच ठेवलेला. तो नटाच्या पाच बाजू कवटाळतो. आमच्या दुकानात तो कायम असतो. गिऱ्हाइकास आम्ही तो आग्रहाने विकतो. आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा साधा पाना उचलला. दोन कोपरे घासले गेल्यावर जावईबापू निमूटपणे गाडी काढून बाजारात गेले व खास पाना घेऊन आले. त्यांच्या निमूटपणाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पाने नेहमी दोन लावावेत. फिल्टरच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा षट्कोन असतो. तो एका पान्याने अचल धरावयाचा आणि दुसऱ्याने नट फिरवावयाचा. दोन्ही पान्यांच्या मुठी कात्रीसारख्या जवळ येतील अशा लावाव्यात, म्हणजे एकाच हाताच्या मुठीत दाबून जोर देता येतो आणि तो जोर पट्टीवर वा नळीवर जात नाही. फिरविण्याची दिशाही आधी ठरवावी. पाठीवर निजलेल्या माणसाची डावीउजवी उलटते, आणि फिल्टरच्या दोन टोकांचे नट एका जागेवरून पाहिले असता परस्परविरुद्ध फिरतात. ज्या नळीवर नट आहे त्या नळीच्या बाजूने फिल्टरकडे पाहत आहोत अशी कल्पना करावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे.

नट हलला. क्षणभर आनंद झाला. नंतर दिसले की नटाबरोबर नळीही फिरत आहे. नट फिल्टरपासून नव्हे, तर नळीशीच गंजाने एकरूप झाला होता. अशा वेळी हात तत्काळ थांबवावा. आणखी पाव फेरा, आणि नळी ओल्या पंचासारखी पिळवटून चिरली असती. जावईबापू म्हणाले, “मामा, मग नट स्थिर ठेवून फिल्टरच फिरवला तर?” साठ वर्षांच्या अनुभवी व्यापाऱ्यास हे सुचावयास हवे होते. आटे सोडविण्यासाठी नटच फिरला पाहिजे असा काही नियम नाही.

फिल्टर फिरविण्यासाठी त्याचे दुसरे टोक मोकळे हवे. सुदैवाने टाकीकडील बाजूस पूर्वीच्या कोणा मालकाने पोलादी नळीचा तुकडा काढून रबरी नळी बसविली होती. ती बदलावयाचीच होती, म्हणून चाकूने लांबीत चिरून काढली, आणि टाकीकडून येणाऱ्या टोकात आधीच तयार ठेवलेली लाकडी खुंटी ठोकली. तरीही पावशेर पेट्रोल सांडलेच. खाली धातूचे पसरट भांडे होते. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा होता. परंतु वर केलेल्या हातावरून ओघळ बाहीतून काखेपर्यंत जातो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. पट्टीचा बोल्ट फिरविता फिरविता मोडला, मोडू दिला. नट खास पान्याने धरून त्या पान्याची मूठ तुळईला टेकविली, म्हणजे तो जागचा हलू नये, आणि मोठ्या पान्याने फिल्टरचा षट्कोन फिरविण्यास आरंभ केला. थोडा उलट, थोडा सुलट, पुन्हा तेल. चाळीस मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज झाला. तो आवाज गंज सुटल्याचा की नळी तुटल्याचा, हे पाहण्यासाठी विजेरी लावण्यास दोघांचेही हात पुढे होईनात. गंज सुटला होता.

फिल्टर हाती आल्यावर तो आलेल्या दिशेच्या उलट, पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ओतून पाहिला. बशीत तपकिरी गाळ आणि तळाशी पाण्याचे थेंब. तेथील पेट्रोलात साधारण दहा टक्के इथेनॉल असते. आपल्याकडे २०२५ साली ते प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. रोज धावणाऱ्या वाहनास त्याचे फारसे काही नाही. पण हे घर वर्षातले नऊ महिने अंगणात उभे, आणि ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसतात व तेथे आतून गंज सुरू होतो. म्हणजे फिल्टर बाहेरून मिठाने आणि आतून पाण्याने खाल्ला होता.

नळीवर अडकलेला नट आता दोन्ही तोंडांनी उघडा होता. त्यास रात्रभर तेल दिले आणि दुसऱ्या दिवशी मागेपुढे करीत सोडविला. फिल्टर फिरवूनच नवा बसविता आला असता. पण पुढल्या वेळी हेच संकट पुन्हा नको, म्हणून नट मोकळा केल्याशिवाय आम्ही पुढे गेलो नाही. नव्या फिल्टरबरोबर आलेली रबरी कडी घालावी, जुनी वापरू नये. फिल्टरवरील बाणाचे टोक इंजिनाकडे असावे. आटे प्रथम केवळ बोटांनी तीनचार फेरे चढवावेत. बोटांनी चढत नसतील तर ते तिरपे धरले गेले आहेत असे समजावे. पान्याने शेवटचे आवळणे, तेही दोन पान्यांनी. रबरी नळी घ्यावयाची ती इंजेक्शनच्या दाबासाठी केलेलीच. कार्ब्युरेटरच्या काळातील स्वस्त नळी दिसावयास तशीच असते, पण ती दाब सोशीत नाही. दुकानदाराने पुढे केली ती घेऊ नये, नळीवरील छाप वाचावा. हे आम्ही दुकानदार असून सांगतो.

फ्यूज व बॅटऱ्या जोडून चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. या वाहनात चावी फिरविताच पंप सुमारे दोन सेकंद चालतो व थांबतो. असे चारपाच वेळा केले की नळीत दाब येतो. मग विजेरीच्या उजेडात प्रत्येक सांधा पाहावा, कोऱ्या कागदाने पुसून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच इंजिन चालू करावे, पुन्हा पाहावे, आणि गॅसची तोटी सर्वांत शेवटी, वास पूर्ण गेल्यावर उघडावी.

नळी तुटलीच असती तर? काही लोक तुटलेली टोके रबरी नळीत खुपसून दोन पट्ट्या आवळतात. दाबाच्या बाजूस हे करू नये. ज्या घरात मुले निजतात त्या घराखाली तर नाहीच. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळते. ती हाताने वाकते आणि मिठाने गंजत नाही. योग्य हत्याराने तिची टोके पसरवून नवे नट बसवावे लागतात, आणि ते काम जाणत्याकडून करून घ्यावे. आमच्या जावईबापूंनी पुढील वसंत ऋतूत तशी नळी घालून घेतली, कारण ब्रशाने घासल्यावर जुन्या नळीवर सुईच्या टोकाएवढे खळगे दिसले होते.

आपल्या मालमोटारी बहुधा डिझेलच्या. त्यांस वरील नटाचे व पान्यांचे सारे लागू आहे. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढावी लागते एवढे अधिक. मात्र नव्या कॉमन रेल इंजिनांच्या उच्च दाबाच्या नळ्यांस चालकाने हात लावू नये. तेथील दाब हजार बारच्याही वर जातो, आणि सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीच्या आत शिरते.

जुना फिल्टर आम्ही पेट्रोल पूर्ण सुकवून, मधोमध करवतीने कापून ठेवण्यास सांगितले होते. जावईबापू दिवाळीस आले तेव्हा बरोबर घेऊन आले. तो आता आमच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी आहे, आणि खास पान्याची किंमत फार आहे असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे आम्ही तो सरकवितो.